राणीच्या कमरेची घंटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. आमच्या गावाच्या इतिहासात माझ्या आवाजाला मानाचं स्थान आहे. माझ्या एका नादावर माणसं हातातलं काम टाकून, अनवाणी, धावत सुटली आहेत, हे मी अभिमानाने सांगू शकते. ती कशासाठी धावली, असं तुम्ही विचाराल. पाखऱ्या नावाचं एक वासरू मनकर्णाबाईंच्या कोथिंबिरीच्या वाफ्यात शिरलं होतं, म्हणून धावली. इतिहास म्हटला की थोडीफार कोथिंबीर त्यात यायचीच.

माझा जन्म जिंतूरला एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. एक फुटका तांब्या, समईचा मोडका पाय आणि नळाची तोटी एकत्र वितळवून त्याने मला ओतलं. म्हणून माझ्या अंगात थोडी देवपूजा आहे, थोडी पाणीटंचाई आहे. आकाराने मी आवळ्याएवढी. आत एक लोखंडी लोलक लटकतो, ती माझी जीभ. जीभ एक आणि तिला येणारा शब्दही एकच. टिंग. आनंद झाला तरी टिंग, घर पेटलं तरी टिंग. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. बहुतेकांचं आयुष्य एका शब्दावर निभून जातं, माझंही जाईल असं वाटलं होतं.

बाजारात मला वैजीनाथ आबांनी उचललं. त्यांनी मला कानाजवळ धरून हलवलं, मान डोलावली आणि पटक्याच्या टोकात बांधलं. आबांचं शेत बोरी गावाच्या अलीकडच्या शिवारात. घरात बैलजोडी, एक गाय आणि तिचं ते उनाड वासरू. उनाड जनावराला आमच्याकडे लोढणं बांधतात. म्हणजे गळ्यात असा एक लाकडाचा ओंडका अडकवायचा की पळायला गेलं की तो गुडघ्यांवर आपटतो. पाखऱ्यासाठी लोढणं तयारही झालं होतं. पण आबांना ते बघवेना.

"मुकं जनावर हाय," ते म्हणाले. "त्याच्या गुडघ्याला लाकूड हाणून त्याला काय कळणार? त्यापरीस ते कुठं हाय ते आपल्यालाच कळू द्या."

अशी मी दयाबुद्धीने कामाला लागले. हे तुम्ही ध्यानात ठेवा, कारण पुढे जे झालं तेही दयाबुद्धीनेच झालं.

पाखऱ्याच्या गळ्यात माझे दिवस सुखाचे गेले. पोळ्याला मला चिंच आणि राख लावून घासायचे. पाखऱ्याला झूल, शिंगांना रंग, आणि मला उन्हात डोळे दिपवणारी चमक. बायका ओवाळायच्या, पोरं मला हात लावायला भांडायची. पुढे पाखऱ्या मोठा झाला, त्याला मोठी घंटी आली. आणखी पुढे भाड्याचा ट्रॅक्टर आला आणि पाखऱ्याही गेला. मला गोठ्यातल्या खिळ्याला अडकवलं. शेजारच्या खिळ्याला ते न वापरलेलं लोढणं होतं. आम्ही दोघं भिंतीकडे बघत राहिलो. एका कुंभारमाशीने माझ्या पोटात मातीचं घर बांधलं आणि माझी जीभ जागच्या जागी थिजली. त्या वर्षांत मला कुणी एका शब्दाने नावं ठेवली नाहीत. न वाजणाऱ्या वस्तूबद्दल माणसांचं मत नेहमीच चांगलं असतं.

मित्रांनो, आता राणीबद्दल सांगते.

राणी म्हणजे आबांची नात, गोपाळ आणि रेणुकाची मुलगी. दुसरीत जायची. चार मुलींना पुरेल इतकं चलनवलन एकीत भरलेलं. दात घासता घासता ती मुंग्यांची रांग बघायला जायची, मुंग्यांमागून बाभळीपर्यंत, बाभळीवरून सुगरणीचं घरटं मोजायला, आणि ब्रश मग कधीतरी गोठ्यात सापडायचा. बोलायला लागली की समोरच्याच्या तोंडातलं वाक्य ओढून घ्यायची. मायाळू इतकी, की कुत्र्याच्या पिल्लाला ताप आला म्हणून स्वतःची गोधडी देऊन आली होती. आणि राग. तो राग तिच्या अंगावर बिनब्रेकच्या ट्रॅक्टरसारखा यायचा. ती त्याला आणत नसे. मी तिच्या फार जवळ राहिले आहे, म्हणून हे छातीठोकपणे सांगते.

माझं नशीब बदललं ते एका भाकरीमुळे.

रेणुकाने सकाळी गरम भाकर ताटात वाढली आणि घाईत मोडून अर्धी केली.

"मोडलीस!" राणी किंचाळली. "मी म्हणलं होतं ना, मोडू नको म्हणून!"

"आगं, पोटात गेल्यावर मोडणारच हाय ती."

"जोड! परत जोड!"

"भाकर कुठं जोडता येती का, येडे? ही घे, दुसरी अख्खी घे."

"ही न्हाई! तीच!"

ताट अंगणात गेलं. पाठोपाठ पाण्याचा तांब्या गेला. मग राणी स्वतःच गेली, मोकळ्या केसांनी, कालव्याच्या दिशेने. कालव्याला पाणी सोडलेलं होतं. गोपाळ धावला, शेजारी धावले, आबा गुडघे धरून जमेल तसे धावले. रेणुका पाण्याच्या कडेकडेने हाका मारत गेली, आणि तिच्या हाका ऐकून गावातल्या कुत्र्यांनीही भुंकायचं थांबवलं. शेवटी राणी कपाशीत सापडली, दोन सऱ्यांच्या मध्ये, गाढ झोपलेली. जागी झाल्यावर तिने सगळ्या गावाकडे बघितलं आणि विचारलं, "तुमी सगळे कोणाला हुडकायलाव?"

रेणुका मटकन खाली बसली. शेजारच्या मनकर्णाबाई मात्र उभ्या होत्या.

"पोरगी हाय का वारं!" त्या म्हणाल्या. "पोरीच्या जातीला हे बरं न्हाई बाई. सासरी कोण ठिवून घिईल असलीला?"

राणीचे त्या वेळी पुढचे दोन दात पडलेले होते आणि नवे यायचे होते. पण सासरचा विचार आमच्याकडे वेळेवर करतात.

त्याच दुपारी आबा गोठ्यात आले. आधी त्यांचा हात लोढण्याकडे गेला. मग थांबला आणि माझ्याकडे आला. खिळ्याने त्यांनी माझ्या पोटातली माती खरवडून काढली, मला धुतलं, आणि काळ्या करदोड्यात ओवून नातीच्या कमरेला बांधलं. गाठ गुरांची मारली. ती माणसाला सुटत नाही.

"आबा, हे काय हाय?"

"दागिना हाय बाळा."

राणी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उड्या मारत होती, नुसती मला वाजवायला. चालली की टिंग, वळली की टिंग, हसली तरी टिंग. माझं इतकं कौतुक पोळ्यालाही झालं नव्हतं. मला वाटलं, म्हातारपणी देवाने डोळे उघडले.

घरही खूश झालं. आता राणीला शोधावं लागत नव्हतं. आबा बाजेवर पडून कान देत. टिंग उकिरड्याकडून आला, म्हणजे पोरगी उकिरड्यावर. टिंग चिंचेखालून आला, म्हणजे चिंचेखाली. सोय मोठी होती. एक गोष्ट मात्र हळूहळू बदलली, आणि ती फक्त मला दिसली. मी येईपर्यंत ही माणसं राणीकडे बघायची. मी आल्यापासून ती नुसती ऐकायला लागली.

आणि ऐकण्यासारखं माझ्याकडे काय होतं? एक शब्द.

मित्रांनो, त्या रागाची एक खूण होती. तो यायच्या आधी राणीचा उजवा पाय आपोआप हलायला लागायचा. श्वास वरवर व्हायचा, पोट फुगून ताठ व्हायचं, करदोडा ताणायचा, आणि मी बारीक बारीक थरथरायचे. टिंग टिंग टिंग टिंग, अगदी हळू, लागोपाठ. मी सांगत होते की येतंय, अजून आलेलं नाही, आत्ता कुणीतरी या. एकदा रेणुकाने ते ऐकलं. पिठाच्या हातांनी तशीच आली, राणीच्या मागे गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी तिला घट्ट आवळून धरलं आणि कपाळ तिच्या पाठीला टेकलं. राणीने एक लाथ मारली, दुसरी मारली. मग करदोडा सैल झाला. मी थांबले. राणीच्या फ्रॉकवर पिठाचे दोन पंजे उमटले होते.

मला वाटलं, सापडला इलाज!

दुसऱ्या दिवसापासून कापसाची वेचणी सुरू झाली. रेणुका पहाटे जायची ती दिवेलागणीला यायची. कापूस माणसाची वाट बघत नाही, आणि लेकरू बघतं असं धरून चालतात. घरी उरले आबा. आबांचा जीव राणीवर कुणापेक्षाही जास्त, पण गुडघे बाजेवरून उठू देत नसत. तेव्हा माझी थरथर कानावर पडली की ते बाजेवरूनच गरजायचे, "ए राणे! गप! घंटी वाजायलीय!" त्या गरजण्याने करदोडा आणखी ताणायचा, मी आणखी जोरात वाजायचे, ते आणखी मोठ्याने ओरडायचे. पाचव्या ओरड्याला काहीतरी फुटायचं. मग आबा हताश होऊन म्हणायचे, "एवढं बजावून बी ऐकत न्हाई पोरगी."

शाळेत माझी नेमणूक अधिकच जबाबदारीची होती. दिनकरराव सरांकडे एकाच खोलीत दोन वर्ग. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "ते काढून ठेव आधी." गाठ सुटेना. कात्री सापडेना. मग दोन दिवसांत त्यांना माझी सोय कळली. फळ्याकडे तोंड करून लिहीत असले तरी मागे काय चाललंय ते समजायचं. जणू पाठीला कान फुटले. टिंग झालं की ते न वळता म्हणत, "राणी, नीट बस."

आता खरं सांगायचं तर त्या खोलीत कुणीच नीट बसलेलं नसायचं. पप्पू नावाचा पोरगा दिवसभर पेन्सिल चावायचा. पण पेन्सिल चावल्याचा आवाज येत नाही, म्हणून पप्पू शहाणा. त्याच्या कमरेला मी असते तर गावाचं मत वेगळं झालं असतं.

एके दिवशी पप्पू हळूच पुटपुटला, "टिंग टिंग, बकरी आली."

राणीचा पाय हलायला लागला. मी थरथरले.

"राणी," सर फळ्याला म्हणाले.

"मी न्हाई सर, ह्यो पप्पू मला—"

"घंटी कोणाच्या कमरेला हाय? पप्पूच्या का तुझ्या?"

वर्ग हसला. पुढचं फार लवकर झालं. कंपासपेटी उडाली, पप्पूच्या कपाळाला खोक पडली, सर मध्ये आले तर राणीने त्यांच्या मनगटाला चावा घेतला. मग तिची तीच घाबरली आणि टेबलाखाली जाऊन बसली. मी तिच्या पोटाशी होते. तिचं अंग ओल्या कोंबडीसारखं कापत होतं आणि ती अगदी हळू, स्वतःलाच विचारत होती, "मी अशी का करायली? मी अशी का करायली?" मला येणारं एकच उत्तर मी दिलं. बाहेरून सर ओरडले, "अजून वाजवायलीच का?"

सुट्टीत ती बाहेर आली, डब्यातला शेंगदाण्याचा लाडू पप्पूला दिला. पप्पूने कपाळावर हात ठेवून तो खाल्ला. दोघांतलं प्रकरण तिथेच मिटलं. मोठ्यांतलं मिटलं नाही.

"गोपाळराव, राग मानू नका," सर संध्याकाळी घरी येऊन म्हणाले. मनगटाला रुमाल बांधलेला होता. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. "पोरगी हुशार हाय. पर एकीच्या मागं फिरलो तर बाकीची पोरं मोकळी सुटतात. पप्पूचा बाप आज भांडून गेला. असंच राहिलं तर मला तिला वर्गात बसवून घेता येणार न्हाई. तुमीच काहीतरी बघा."

गोपाळने "बघतो सर" म्हटलं. सर गेल्यावर त्याने राणीला दोन चापट्या मारल्या. त्याच्या दृष्टीने त्याने बघितलं.

पण त्याच आठवड्यात शाळेत तपासणीची गाडी आली. पोरांचे दात, डोळे, वजन बघणारी. त्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. राणी वजनकाट्यावर चढली, उतरली, परत चढली, डॉक्टरीणबाईंच्या गळ्यातली नळी ओढली, खिडकीतून सरडा बघितला, आणि मग कुणीतरी तिचा नंबर आधी घेतला म्हणून जमिनीवर लोळून रडली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मी सांगते, फार दिवसांनी कुणीतरी तिच्याकडे बघत होतं. त्यांनी घरच्यांना बोलावणं धाडलं. रेणुका शेतातून आली, पदराला कापसाचे तंतू चिकटलेले. आबा काठी टेकत आले.

"ती हे मुद्दाम करत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही मुलांचं मन एका जागी ठरत नाही. आणि राग, रडू, आनंद, सगळं एकदम उसळतं, त्याला लगाम लागायला वेळ लागतो. एडीएचडी म्हणतात त्याला. असेलच असं मी म्हणत नाही, नीट तपासावं लागेल. पण मारून, ओरडून ते कमी होत नाही, उलट वाढतं. परभणीला मंगळवारी मुलांच्या मनाचे डॉक्टर बसतात. एकदा घेऊन जा. आईबापांनी काय करायचं, तेही शिकवतात."

"म्हंजी ती खोडकर न्हाई?" रेणुकाने विचारलं.

"नाही."

रेणुकाने तोंडाला पदर लावला. डॉक्टरीणबाईंची नजर माझ्यावर पडली.

"हे काय बांधलंय?"

"घंटी हाय," आबा म्हणाले.

"काढून टाका ती."

"मंग ती कुठं गेली ते कळायचं कसं?"

बाईंनी तोंड उघडलं, पण मागच्या पोराने तेवढ्यात वजनकाटा पाडला.

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते मी राणीच्या कमरेवरून ऐकलं. पुढच्या खोलीत वेचलेल्या कापसाचा ढीग होता, छातीइतका. राणी त्यात गळ्यापर्यंत शिरून बसली होती. तिथे ती जरा निवांत असायची. मोठी माणसं ओसरीवर होती, आणि मोठ्या माणसांचा असा समज असतो की कापसातून ऐकू येत नाही.

"येड्याच्या दवाखान्यात न्यायची का पोरगी?" गोपाळ म्हणाला. "गावात कळलं म्हंजी? जन्माचं नाव लागंल तिला."

"आत्ता काय लय चांगलं नाव हाय का तिचं?" रेणुका म्हणाली. "उद्या शाळेतून काढली म्हंजी?"

"आपल्या घराण्यात असलं कुणालाच नव्हतं," आबा म्हणाले.

गेल्याच उन्हाळ्यात रेंज येईना म्हणून गोपाळने चालू मोबाइल विहिरीत फेकला होता.

"असं करू," आबांनी तोडगा काढला. म्हाताऱ्या माणसांना तोडगा काढल्याशिवाय जेवण जात नाही. "मंगळवारपर्यंत बघू. पोरगी तशीच करायली, घंटी वाजायली, तर न्या परभणीला, मी बी येतो संगं. न्हाई वाजली, तर कशाला उगीच लेकराला सुया टोचून घ्यायच्या?"

"घंटी कशी न वाजंल?" रेणुका म्हणाली. "जित्तं लेकरू हाय ते."

"मंग झालं तर. तुलाच जायला मिळंल. कबूल?"

"कबूल," रेणुका म्हणाली. तिला खात्री होती. गोपाळनेही होकार भरला.

आणि मित्रांनो, मला तर केवढी खात्री होती! जन्मभर मी वाजले ते कुणाच्या तरी तक्रारीसाठी. आता पहिल्यांदा माझं वाजणं कुणाच्या तरी कामाला येणार होतं. मी वाजले की राणी परभणीला जाणार, कुणीतरी तिच्याकडे नीट बघणार, आणि पिठाच्या हातांनी मागून धरायचं असतं ही गोष्ट सगळ्या घराला कुणीतरी शिकवणार. मी मनाशी ठरवलं, आता जीव तोडून वाजायचं.

राणी कापसात बसून होती. तिने "सुया" हा शब्द ऐकला होता. "येड्याच्या" हाही ऐकला होता. तिचा पाय हलायला लागला. मी वाजणार, इतक्यात तिची मूठ माझ्यावर बसली.

तिने मला वर उचललं आणि माझ्या तोंडात बघितलं. ढिगातून कापसाचा एक पुंजका घेतला, बोटांनी साफ केला, त्यातली सरकी काढून टाकली आणि तो माझ्या पोटात भरला. मग आणखी थोडा. मग झाडूची काडी घेऊन तो जिभेच्या चारी बाजूंनी दाबून दाबून बसवला. हलवून बघितलं, पुन्हा भरला, पुन्हा दाबला. ज्या मुलीच्याने एक ओळ सलग लिहून होत नव्हती, तिने आयुष्यात पहिल्यांदा एक काम शांतपणे, नीट, शेवटपर्यंत केलं.

"तू गप बस," ती माझ्या कानात म्हणाली. "तू गप बसलीस की मी चांगली."

मग तिने मला फ्रॉकच्या आत सरकवलं.

दुसऱ्या दिवशी आबा बाजेवरून म्हणाले, "आज वाजली न्हाई." तिसऱ्या दिवशी म्हणाले, "फरक पडायलाय." राणी तशीच पळत होती, तशीच चढत होती, पण घरात कुणी बघत नव्हतं. ऐकत होते, आणि ऐकायला काही नव्हतं.

फरक पडला होता, हे मात्र खरं. राग आला की ती आता ओरडत नसे. गोठ्यात जायची, खिळ्याला अडकवलेलं लोढणं दोन्ही हातांनी धरायची आणि स्वतःच्याच दंडाला चावायची. करदोडा माझ्या गळ्याशी फास लागावा तसा ताणायचा. मी सगळ्या अंगाने हेलकावे खायचे, जीभ आपटायचे, आणि ती मऊ कापसावर पडायची. शाळेत तर ती लाकडासारखी बसायची. पप्पूने "टिंग" म्हटलं तरी बसायची. सगळी ताकद न हलण्यात जायची, म्हणून फळ्यावरचं एक अक्षर वहीत उतरत नसे. वही कोरी राहिली. दिनकरराव सर म्हणाले, "शिस्त लागली पोरीला."

मग मनकर्णाबाई आल्या. हातात हळदीकुंकवाचा करंडा.

"वैजीनाथ आबा, काय गुण हाय म्हनं तुमच्या घंटीत! पोरगी गाईसारखी झाली की."

"अगं, जनावराला जे लागू पडतं ते माणसाला बी पडतं," आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांचा आनंद खोटा नव्हता. मला तो बघवत नव्हता.

मनकर्णाबाईंनी राणीला जवळ ओढून फ्रॉक वर केला आणि मला हळदीकुंकू वाहिलं. राणी श्वास रोखून उभी. बाईंनी मला हात जोडले. हलवून मात्र बघितलं नाही. ज्याला हात जोडतात त्याला हलवून बघत नाहीत.

"आमच्या नातवाला बी पाह्यजे अशी एक," त्या म्हणाल्या. "लय तोंड चालतंय त्याचं."

सोमवारी संध्याकाळी रेणुका राणीची वेणी घालत होती. बाही जरा वर सरकली.

"हे काय गं? दात कुणाचे?"

"पप्पूनं चावलं."

"कवा?"

"न्हाई, मुंगीनं."

"राणे, माझ्याकडं बघ."

राणी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. तिचं पोट ताठ झालं. मी वाजले, मित्रांनो. माझ्या सगळ्या पितळेनिशी मी वाजले. रेणुकाचा हात तिच्या पाठीवर होता, माझ्यापासून वीतभर अंतरावर.

ती उठून ओसरीवर गेली. "आवो, मला वाटतंय उद्या जाऊन यावं. पोरगी झोपंत दात खायलीय. दंडाला चावल्याच्या खुणा हायत."

"घंटी वाजली का?" गोपाळने विचारलं.

"न्हाई."

"कबूल कुणी केलं होतं?"

रेणुका पदराला चिकटलेले कापसाचे तंतू काढायला लागली.

"आता तूच शब्द फिरवायलीस. पोरगी सुधारली तर तुला बघवंना का?"

आबा मध्ये पडले, "राहू दे रे. माय हाय, तिला काळजी वाटणारच. रेणुका, लेकराचं चांगलं झालंय, देवाला हात जोड."

रेणुकाने हात जोडले.

मंगळवारी सकाळी परभणीची गाडी फाट्यावर थांबली. हॉर्न आमच्या अंगणापर्यंत ऐकू येतो. रेणुका डोक्याला फडकं बांधून, वेचलेला कापूस भरायचं ओटीचं कापड कमरेला खोचून दारात उभी होती. ती हॉर्न वाजेपर्यंत थांबली, गाडी सुटल्याचा आवाज येईपर्यंत थांबली, आणि मग कापसाला गेली. राणीने गाडी गेल्याचं ऐकलं. तिचा करदोडा इतका सैल झाला की मी मांडीपर्यंत घसरले.

दुपारी आबांनी कौतुकाने तिला स्वतः वाढलं. हात थरथरतो त्यांचा. भाकर ताटात ठेवताना मोडली. बरोबर अर्धी.

राणीने भाकरीकडे बघितलं. मग दोन्ही तुकडे एकमेकांना लावून ठेवले आणि एका कडेने मुकाट्याने खायला लागली.

"शहाणी माझी बाय," आबा म्हणाले.

ताटाखाली तिचा उजवा पाय हलत होता. जेवण झाल्यावर ती गोठ्यात गेली.

मित्रांनो, मी जुनी वस्तू आहे, मला उपदेश जमत नाही. एवढंच सांगते की तुमच्या वर्गात, तुमच्या घरात एखादं दंगेखोर लेकरू अचानक गप्प झालं, तर हळदीकुंकू घेऊन येण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसा. बाही वर करून बघा. कमरेला घंटी असेल तर उचलून तिच्या तोंडात बघा. माझ्यात अजून कुणी बघितलेलं नाही.

माझ्या पोटातला कापूस पहिल्या वेचणीचा आहे. चांगल्या लांब धाग्याचा.